चलनवलन केंद्र आणि तानबाची कालवड

समुद्रपूरचा पाठीचा कणा मी सरळ करून दाखवणार होतो. एकट्यादुकट्याचा नाही, अख्ख्या गावाचा! तसं मी पानठेल्यावर जाहीरच करून टाकलं होतं. गोष्ट एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. मी हायस्कूलात पी.टी. शिकवायचो, आणि त्या सुट्टीत वर्ध्याजवळच्या एका निसर्गोपचार आश्रमात राहून मालिश, आसनं आणि मातीच्या पट्ट्या शिकून आलो होतो. नवीन शिकलेला माणूस कसा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी माणसाच्या तोंडाकडे बघायचंच सोडलं होतं. समोरून कोणी आला तर ओळखू यायचा नाही, पाठ फिरवून गेला की लगेच यायचा.

या कामात माझी भागीदार होती माझी बायको, धुरपता. रोहण्याची पोरगी. फुगडीत आर्वी तालुक्यात तिला कोणी दमवलेलं नव्हतं, असं माझे सासरे लग्नात सगळ्यांना सांगत फिरत होते.

"तुमचं मालिश-फालिश ठीक हाय," ती म्हणाली, "पन बायाईचं काय? बाई दिवसभर समोर वाकते. निंदताना वाकते, कापूस वेचताना वाकते, चुलीपाशी वाकते, सासऱ्यापुढं वाकते. तिले मांगं झुकाले कोनी सांगतलं का कधी?"

"म्हणजे काय करायचं?"

"फुगडी. फुगडीत मांगं झुकाच लागते. अन समोरचीवर भरोसा ठेवा लागते, नाई तं दोघीबी आपटतात."

मला ते आश्रमात कोणी शिकवलेलं नव्हतं. तरी मी मान डोलावली, कारण केंद्र माझं होणार होतं आणि केंद्रात काहीतरी बायकांसाठीही असावं असं मला वाटत होतं.

जागा मिळाली अण्णाजींची. अण्णाजी म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, गावातले मोठे कास्तकार. धुरपताचे ते चुलत सासरे. ते घरी आले की ती डोक्यावर पदर घेऊन आत जायची, आणि काही सांगायचंच असलं तर भिंतीला उद्देशून बोलायची. वेशीजवळ त्यांचं कापसाचं गोदाम होतं, नवा कापूस निघेपर्यंत रिकामं.

"दसऱ्यापावतर वापरा," अण्णाजी म्हणाले. "काम दिसलं तं कापूस मी घरच्या माळ्यावर टाकीन, जागा तुमचीच. नाई दिसलं तं गोदाम भरीन. मंग मले म्हनू नका."

धुरपताने ते गोदाम झाडलं, शेणाने सारवलं, कोपऱ्यातल्या सरकीचा शेवटचा दाणासुद्धा वेचून काढला. जमीन वाळली तशी ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. "या. पयली फुगडी आपनच घालू."

"अगं, आधी बोर्ड तर येऊ दे," मी म्हणालो.

बोर्ड हिंगणघाटहून रंगवून यायचा होता. 'समुद्रपूर सार्वजनिक चलनवलन व अंगमर्दन केंद्र.' नाव इतकं लांब झालं की 'केंद्र' हा शब्द पेंटरने पार कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात कोंबला होता. बोर्ड आला, तो सरळ लावण्यात दिवस गेला, आणि फुगडीचं राहून गेलं.

सकाळची वेळ मी पुरुषांसाठी ठेवली होती. एकही पुरुष फिरकला नाही. नाही म्हणायला तानबा आला. तानबा म्हणजे गावातला जनावरांचा जाणता. कोणाची गाय अडली की सगळे त्यालाच हाक मारायचे. त्याने माझी सतरंजी पाहिली, तेलाच्या बाटल्या हुंगल्या, आणि म्हणाला, "मास्तर, माह्या बैलाचा खांदा सुजला हाय. त्याले घेऊन येऊ का?"

मी त्याला बोर्ड वाचून दाखवला.

"सार्वजनिक तं लिवलं हाय," तानबा म्हणाला.

संध्याकाळी मात्र निराळंच चालायचं. वावरातून आल्यावर आणि चुली पेटवायच्या आधी बाया यायच्या. आधी शेजारची शकुबाई आली, ती काय चाललंय ते बघायला. दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली, जाऊ नणंदेला, आणि बघता बघता गोदाम भरून गेलं. लुगड्याचे काष्टे आवळून बाया फुगड्या घालायच्या, टाचा उचलून चालायच्या, हात वर करून मागे झुकायच्या. मोठमोठ्याने हसायच्या. समुद्रपुरात बायांचं एवढं मोठं हसणं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि मी तिथंच जन्मलो होतो.

शेवटी धुरपता सगळ्यांना एकामागे एक बसवायची. प्रत्येकीने जवसाचं तेल घ्यायचं आणि समोरचीची पाठ चोळायची. मग ओळ उलटी फिरवायची, म्हणजे जिने चोळली तिची पाठ आता दुसरीच्या हाताखाली. त्या ओळीत कुणब्यांच्या बाया होत्या आणि बौद्धांच्या वस्तीतल्या सीताबाई, तानाबाईही होत्या. एरवी विहिरीवर या बाया एकमेकींच्या बादल्यांपासून हातभर लांब उभ्या राहायच्या. इथे शकुबाई डोळे मिटून सीताबाईला सांगायची, "थोडं खाली वं बाई, हां, तिथंच."

हे सगळं मी दारातून बघायचो आणि मनात म्हणायचो, छान आहे, पण सकाळी माणसं कशी आणावी?

तेवढ्यात शकुबाईला उसण भरली. उसण म्हणजे पाठीत अशी चमक येते की माणूस जिथं असेल तिथंच अडकतो. शकुबाई हंडा उचलताना अडकली आणि तशीच, कमरेत वाकून, गोदामात आली. धुरपताने तिला पालथं निजवलं, आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "माही माय असती तं म्हनली असती, लाव तुहा पाय. मी पायाळू हावो ना."

आमच्याकडे ज्याचे जन्मताना आधी पाय बाहेर येतात तो पायाळू. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं लोक म्हणतात. शकुबाई निजल्या जागेवरून ओरडली, "मंग काऊन पाहून राह्यली? लाव ना पाय!"

धुरपताने हसत हसत डावा पाय लावला. शकुबाई उठली, उभी राहिली, सरळ झाली आणि सरळ गावात गेली. ती गावात गेली म्हणजे दवंडी पिटायची गरज राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर बाहेर गर्दी! माझा आनंद गगनात मावेना. "या या," मी म्हणालो, "आधी सतरंजीवर बसा, खोल श्वास घ्या."

"श्वास नको," पहिला माणूस म्हणाला. "बाई कुठी हाय?"

मी विज्ञानाचा माणूस. मला फार लागलं. स्नायू म्हणजे काय, ते का आखडतात, हे मी त्यांना फळ्यावर चित्र काढून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई कवा येईन?"

मग मला युक्ती सुचली. तिचा मला त्या वेळी भारी अभिमान वाटला होता. मी दारावर खडूने लिहिलं: आधी व्यायाम, मग पाय. ज्याला पाय हवा त्याने आधी माझ्यासमोर पूर्ण कवायत करायची. लोक कुरकुरले, पण करू लागले. आता गंमत अशी झाली, की ज्यांची उसण रस्त्यात येता येताच उतरली होती, त्यांना माझ्या कवायतीने ती परत भरायची. आणि जे नुसते सोबतीला आलेले असायचे, धडधाकट, तेही उगाच माझ्यासमोर वाकून बघायचे आणि अडकायचे. मग सगळे ओळीने पालथे पडून धुरपताची वाट बघायचे. गावात बोललं जाऊ लागलं, "नवराबायकोचा जोडा चांगला हाय. मास्तर उसन भरवते, बाई काढते."

मी रागावलो नाही. गर्दी तर होती! वडनेरहून माणसं येऊ लागली. ती संध्याकाळच्या गाडीने उतरायची, आणि गोदामात बायांचा तास सुरू असताना दारात येऊन कण्हायची. पुरुषमाणसं दारात कण्हत असताना बाया काष्टा आवळून मागे झुकणार कशा? त्या पदर सावरून भिंतीशी बसायच्या. थोडा वेळ बसायच्या आणि चूल आठवली म्हणून उठून जायच्या.

"अजी," धुरपता एक दिवस म्हणाली, "हे लोकं माह्या बायाईचा टाइम खाऊन राह्यले. मी फुगडी शिकवाले आली होती, पाय द्याले नाई."

"थोडे दिवस कळ काढ," मी म्हणालो. "दसऱ्याला अण्णाजी येतील, गर्दी बघतील, जागा आपली होईल. मग हवी तेवढी फुगडी खेळा."

तिने पाय पुढे करून त्याच्याकडे बघितलं. तिच्या डाव्या टाचेला तेलाने कायमची चकाकी आली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णाजी येणार होते. धुरपताने मला निक्षून सांगितलं, "त्याईले बायाईची रांग दाखवा. एवढंच दाखवा. बाकी काई नको." सगळ्या बायांना तिने निरोप धाडले होते. त्या ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत शेवंती माळून, तेलाच्या वाट्या घेऊन एका बाजूला ओळीने बसल्या होत्या. सीताबाई सगळ्यांच्या पुढे होती. शकुबाई तिच्यामागे.

आणि दुसऱ्या बाजूला होतो मी.

आता खरं सांगतो, मला दोनच मिनिटं हवी होती. नुसतं प्रास्ताविक. अण्णाजी आले, भारी अंगाचे, पांढरं धोतर, काठी टेकवत सगळीकडे बघू लागले. त्यांनी बायांच्या ओळीकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या काय करतात?"

"तेच दाखवतो," मी म्हणालो. "पण अण्णाजी, आधी तुम्ही स्वतः एकदा अनुभव घ्या. फक्त वाका. हात पायाच्या बोटांना लागतात का बघू."

अण्णाजी वाकले. हात गुडघ्यापर्यंत गेले. मी म्हणालो, "थोडं आणखी." त्यांनी थोडं आणखी केलं.

"मास्तर," खालून आवाज आला, "अटकलं."

कापूस कुठं ठेवायचा हे ज्या माणसाने ठरवायचं होतं, तो माझ्यासमोर घडी घातल्यासारखा उभा होता. चौघांनी धरून त्यांना सतरंजीवर पालथं घातलं. गर्दीतून एकच ओरडा झाला, "बाईले बलावा! पाय लावा!"

"खबरदार," अण्णाजी जमिनीशी बोलले. "सुनेचा पाय सासऱ्याच्या पाठीवर? तुमच्या अकला चराले गेल्या काय?"

दाराआडून धुरपता पदर डोक्यावर घेऊन भिंतीशी बोलली, "शकुबाई, त्याईले सांगा, मी पाय लावत नाई. कोमट तेलानं पाठ चोळू द्या. तास दीड तासात मोकळे होतीन. बायाईची रांग त्याच्याचसाठी हाय."

अगदी बरोबर सांगत होती ती. मी तेल घेतलं. पण मी घाबरलेलो होतो, आणि घाबरलेला माणूस तेल बेतानं ओतत नाही. अर्धी बाटली अण्णाजींच्या पाठीवर गेली, अर्धी सतरंजीवर आणि जमिनीवर. माझे हात घसरायला लागले. अण्णाजी कण्हायला लागले. आणि लोकांचा तर जीव पायातच अडकला होता. कोणाच्या तरी डोक्यात आलं, दुसरा पायाळू शोधा.

"हाय एक," तानबा म्हणाला. "माही कालवड."

"वासरं सारेच पायानं येतेत ना," कोणीतरी शंका काढली.

"पुढच्या पायानं येनं हे नेहमीचं," तानबा म्हणाला. "माही मांगच्या पायानं आली. या हातानं ओढली मी तिले. असली पायाळू. अन गाईचा पाय लागला तं त्याच्यात अपमान कायचा? उलटं पुन्य हाय."

या बोलण्यात कोणालाच खोट काढता येईना. गाईचा पाय सुनेसारखा थोडाच असतो? मी विज्ञानाच्या बाजूने तोंड उघडलं, तर अण्णाजीच म्हणाले, "आना."

कालवड आणली. तिचे खूर धुतले, कपाळाला कुंकू लावलं. तानबाने तिचा मागचा डावा पाय उचलून अण्णाजींच्या पाठीवर अलगद टेकवला. लोकांनी हात जोडले. इथपर्यंत सगळं फार सुंदर चाललं होतं.

मग तिने दुसरा पाय माझ्या तेलावर टाकला.

ती घसरली, बसली, उठली, पुन्हा घसरली, आणि शेवटी आधार म्हणून अण्णाजींच्या डोक्याशी येऊन तोंड टेकवून उभी राहिली. अण्णाजींच्या टकलावर जवसाचं तेल निथळत होतं. कालवडीला ते आवडलं. तिने एकदा चाटलं. मग कानामागून मन लावून चाटलं. तिची जीभ म्हणजे घासणीच. अण्णाजी, ज्यांना गावाने कधी हसतानाही पाहिलं नव्हतं, खिंकाळल्यासारखे हसले आणि एका उडीत उभे राहिले. सरळ!

"उतरली!" तानबा ओरडला.

त्या ओरड्याने कालवड बिथरली. ती बायांच्या ओळीतून आरपार गेली. तेलाच्या वाट्या उडाल्या, ठेवणीतल्या लुगड्यांवर तेल सांडलं, शकुबाई सीताबाईला ओढत भिंतीशी गेली. कालवड दाराबाहेर, तिच्यामागे तानबा, त्याच्यामागे अख्खं गाव, आणि सगळ्यांच्या पुढे काठी न टेकवता अण्णाजी. माझं केंद्र बघता बघता रिकामं झालं. बाया तेवढ्या उरल्या होत्या, लुगड्याची तेलकट टोकं पिळत. केसांतली शेवंती तशीच होती. त्यांचं काहीच दाखवून झालं नव्हतं.

संध्याकाळी मी अण्णाजींकडे गेलो. धुरपता मागे, शकुबाई तिच्याही मागे. अण्णाजी ओसरीवर ताठ बसले होते. तानबाकडून कालवड त्यांनी मागून घेतली होती आणि तिला गूळ चारत होते.

"अण्णाजी, जागेचं काय?" मी विचारलं.

"जागा कायले पायजे आता?" अण्णाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खूश होते ते. "उसन उतरवाचं काम होतं ना तुमच्या केंद्राचं? ते तं कालवड करते. तिले गोदाम नाई लागत. घरोघरी जाईन. बाईच्या पायालेबी आराम."

मी महिने दोन महिने पायासाठीच गर्दी जमवली होती. आता 'केंद्राचं काम ते नाही' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

"अन आमची फुगडी?" शकुबाई मागून बोलली.

"अंगनात खेळा ना," अण्णाजी म्हणाले. "कोनी नाई म्हनलं?"

अंगणात सासू असते, अंगणावरून रस्ता जातो, आणि शकुबाईच्या अंगणात सीताबाई मागे झुकून फुगडी घालणार नव्हती. हे त्या तिघींना, म्हणजे दोघींना आणि घरी बसलेल्या सीताबाईला, चांगलं ठाऊक होतं. अण्णाजींना नव्हतं. त्यांनी ती ओळ बघितलीच कुठे होती? मला आजही वाटतं, ती दोन मिनिटं मी गप्प राहिलो असतो तर.

कापूस निघाला तशा गाड्या गोदामाच्या दारात येऊन लागल्या. आत धुरपता शेवटचं झाडत होती. सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या, बोर्ड उतरवून ठेवला होता. रिकाम्या जमिनीवर तिच्या सारवणाचे हात अजून दिसत होते. मी मधोमध जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे केले.

"चल, घालू एक."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "गाड्या उभ्या हायेत."

"राहू दे उभ्या."

तिने झाडणी खाली ठेवली. हात धरले. मागे झुकली. मीही झुकलो, आणि खरोखर, गोदाम भिंतींसकट फिरायला लागलं. धुरपता हसली, त्या बायांसारखी, मोठ्याने. मी म्हणणारच होतो की हे आधीच करायला हवं होतं. तेवढ्यात माझ्या पाठीत अशी चमक निघाली की मी तिथंच पालथा पडलो.

उसण! मला!

"हलू नोका," ती म्हणाली. तिने पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. नवऱ्याला पाय लावणं म्हणजे आमच्याकडे सासऱ्याला लावण्याहून थोडंच कमी. "पाप लागन तं लागन," ती पुटपुटली, आणि तिचा डावा, तेलाने चकाकलेला पाय माझ्या पाठीवर हळूच टेकला. ऊन ऊन होता.

नेमकं त्याच वेळी गाडीवान विचारायला आत आला की बैल सोडू का.

केंद्र का बंद पडलं, हे समुद्रपुरात आज दोन वर्षांनीही कोणालाही विचारा. लोक सांगतात, बाईनं मास्तरले लाथ घातली, म्हणून. मी कधी खोडून काढलं नाही. खरं सांगायला गेलं तर ते याहून वाईट वाटतं.

बोर्ड अण्णाजींनी नेला आणि कालवडीच्या गोठ्याला आडोसा म्हणून लावला. ती त्याला पाठ घासते, त्यामुळे 'सार्वजनिक' बरंचसं पुसलं गेलं आहे. शकुबाई दर बाजाराच्या दिवशी भेटते. ती आणि सीताबाई एकमेकींना ओळखतात, पण लांबूनच. "मास्तर," शकुबाई म्हणते, "बाईले म्हना ना, एक दिवस खेळू." मी घरी येऊन तसं सांगतो. धुरपता भाकरी थापता थापता एवढंच विचारते, "कुठी?"

मागच्या आठवड्यात मी आमच्या मागच्या आवारात उभा राहून बघितलं. भिंतीआड आहे, रस्ता दिसत नाही, सासू कोणाची नाही. धुरपता, शकुबाई, सीताबाई, सगळ्या मावतील. फक्त मधोमध सरपणाच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, मोठा ढीग आहे. कापूस इथेही आधीच येऊन बसलाय. मी तिला बोलावून दाखवलं. तिचे डोळे किती दिवसांनी चमकले!

"मंग हलवा ना तो ढीग," ती म्हणाली.

हलवणारच आहे. आज हलवीन, उद्या हलवीन. पण त्यासाठी वाकावं लागतं हो.